फ्रीजमधली करणी

फ्रीज कितीही लिटरचा घ्या, त्यात एका पातेल्याची जागा कमीच असते, हा माझा जवळजवळ चाळीस वर्षांचा अनुभव आहे. ज्यांच्याकडे दोन दारांचे, छताला टेकणारे फ्रीज आहेत, त्यांच्या घरीही मी हेच पाहिलं आहे. उरलेल्या वरणाचं पातेलं एका हातात धरून घरची गृहलक्ष्मी दार उघडून उभी असते, दुसऱ्या हातानं कोथिंबिरीची जुडी दह्याच्या भांड्यावर चढवत असते आणि आतला दिवा बिचारा हा सगळा पसारा चारचौघांना दाखवत असतो.

आमचा फ्रीज तर एकाच दाराचा. १६५ लिटरचा. पतसंस्थेचं कर्ज काढून १९८७ साली तो घेतला, तेव्हा खामगावातल्या आमच्या गल्लीतला तो तिसरा फ्रीज होता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणं त्याची प्रतिष्ठापना स्वयंपाकघरात न होता बाहेरच्या खोलीत झाली. डोक्यावर क्रोशाचं कव्हर, त्यावर प्लॅस्टिकची द्राक्षं, शेजारी गुरगुरणारा स्टॅबिलायझर. आजच्या मुलांना खोटं वाटेल, पण फ्रीजला तेव्हा कुलूप असायचं. त्याची किल्ली आमच्या हिच्या पदराला असे. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून होतो. सरकारी कपाटांच्या बारा किल्ल्या माझ्या खिशात खुळखुळायच्या, पण घरातली ही एक किल्ली निवृत्त होईपर्यंत माझ्या हाताला लागली नाही. पुढं कुलूप बिघडलं आणि आमच्या घरात लोकशाही आली.

लोकशाही आली की गर्दीही येतेच. आमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फ सोडून सगळं असतं. बर्फाचा ट्रे पूर्वी एकदा तळाला चिकटला तो निघालाच नाही, आता तो फ्रीजचाच एक अवयव झाला आहे. खालच्या जाळ्यांवर सायीचं भांडं, विरजणाची वाटी, भिजवलेली मटकी आणि डबे. काजूकतलीच्या डब्यात हिरव्या मिरच्या, आइस्क्रीमच्या डब्यात खोवलेलं खोबरं आणि श्रीखंडाच्या डब्यात डोशाचं पीठ. या डब्यांपायी पाहुण्यांच्या कित्येक लहान मुलांचा माणुसकीवरचा विश्वास आमच्या घरी उडालेला आहे. दारात शेगावहून आणलेली तीर्थाची बाटली, गुलाबपाणी, माझं इन्सुलिन, कोणाच्या तरी लग्नातून आलेला मेंदीचा कोन आणि टॉर्चचे दोन सेल. सेल फ्रीजमध्ये ठेवले की जास्त टिकतात, असं कोणीतरी कधीतरी सांगितलं होतं. टॉर्च हरवून पंधरा वर्षं झाली, सेल टिकून आहेत.

अशा या भरल्या घरात गेल्या फाल्गुनात आमचे चिरंजीव दोन टाक्या घेऊन आले.

चिरंजीव बारावीनंतर शिकायला पुण्याला गेले ते तिकडचेच झाले. मग नोकरी लागली, आणि मग कंपनीनं दोन वर्षांसाठी अमेरिकेत मिलवॉकीला पाठवलं. आता ज्येष्ठात बंगळूरला रुजू व्हायचं होतं आणि मधले तीन महिने घरी बसूनच काम करायचं होतं. बारा वर्षांत मुलगा चार दिवसांहून जास्त घरी राहिला नव्हता. तीन महिने म्हटल्यावर हिनं आनंदानं चार वेळा डोळे पुसले आणि मग आमच्या दोघांच्याही लक्षात आलं, की त्याची खोली आता त्याची राहिलेली नाही. तिथं गव्हाची कोठी होती, शिलाई मशीन होतं, लोणच्याच्या बरण्या होत्या, आणि ज्या टेबलावर त्यानं बारावीचा अभ्यास केला, त्यावर सांडग्यांचे डबे होते. "दोन दिवसांत लावून देते रे," ही म्हणाली. तोवर त्यानं बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर, फ्रीजच्या शेजारी, अंथरूण टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंगणात बसून त्या टाक्या घासायला काढल्या. लखलखीत पोलादाच्या, हातभर उंच, नळकांड्यासारख्या. आता खामगाव म्हणजे रजतनगरी. इथली चांदीची भांडी आणि मूर्ती लांबलांबच्या देवळांत जातात. तेव्हा उन्हात पांढरं काही चकाकलं की आमच्या गावाचा पहिला अंदाज चांदीचाच. समोरच्या काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "बाप्पा! पोरानं अमेरिकेतून चांदीच्या घागरी आणल्या काय हो?" मी नुसता हसलो. हसायला नको होतं. संध्याकाळी बाजारात एका ओळखीच्या सराफानं मला हाक मारून सहज विचारलं, "वजन काय भरते म्हणता?" मी म्हणालो, "रिकामी चार किलो. दोन्ही मिळून आठ." त्यानं उठून मला खुर्ची दिली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी मात्र वेगळाच घोटाळा झाला. हिनं विचारलं, "काय रे हे?"

"आई, ही कॉर्नी आहे."

"करणी?" हिच्या हातातला तांब्या खाली आला. "कोणी केली?"

कॉर्नेलियस नावाच्या अमेरिकन कंपनीवरून या टाकीला तिकडं लाडानं कॉर्नी म्हणतात, हे समजावण्यात अर्धा तास गेला. पण त्यात काय ठेवतात, हे सांगायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. म्हणाला, "बिअर."

गुरुवार होता. गजानन महाराजांच्या पोथीचा अध्याय नुकताच संपला होता आणि उदबत्ती अजून जळत होती. शेगाव आमच्यापासून इतकं जवळ, की इथं हळू बोललेलंही महाराजांना ऐकू जाईल अशी हिची श्रद्धा. तिनं आधी देवघराचं दार लोटून घेतलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मुलानं काहीही केलं की ही माझ्याकडे पाहते.

चिरंजीवांचं म्हणणं असं, की खामगावला जशी चांदी तशी मिलवॉकीला बिअर. जर्मनांनी वसवलेले तिथले कारखाने शंभर-दीडशे वर्षांचे. शिवाय हौशी लोक घरीही बनवतात. १९७८ साली प्रेसिडेंट कार्टर यांनी तशा कायद्यावर सही केली, आणि तेव्हापासून घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत घरगुती बिअर कर न भरता करता येते. म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर.

हे ऐकल्यावर माझ्यातला अव्वल कारकून जागा झाला. मी म्हणालो, "कार्टरसाहेबांची सही खामगावात चालत नाही. इथं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. नाव आधी मुंबईचं होतं, आता महाराष्ट्राचं आहे, पण कायदा तोच. पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि बनवणाऱ्याला तर लागतोच लागतो. माझी पेन्शन चालू आहे."

"बाबा, इथं बनवायची नाहीच मला. टाक्या रिकाम्या आहेत."

"मग आणल्यास कशाला?"

यावर तो काही बोलला नाही. टाकीवरचा थेंब फडक्यानं पुसत राहिला.

आठवडाभर त्या टाक्या तुळशीमागं उभ्या होत्या आणि घरात त्यांच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. मग एके दिवशी जेवताना तो सहज म्हणाला, "पण आई, मुळात या टाक्या बिअरच्या नव्हत्याच. कोल्ड्रिंकच्या होत्या. तिकडं हॉटेलांत यात सरबताचा पाक भरून यायचा. पुढं कंपन्यांनी पाक खोक्यातल्या पिशव्यांमधून द्यायला सुरुवात केली आणि या टाक्या जुन्या बाजारात आल्या. तिथून हौशी लोकांनी उचलल्या."

ही घास घेता घेता थांबली. "म्हणजे सरबताचं भांडं आहे?"

"सरबताचंच."

"तसं आधी सांगायचं होतंस," ही म्हणाली आणि पुढं तीन मिनिटं गप्प राहिली. ही तीन मिनिटं गप्प राहिली म्हणजे मनात यादी चालू असते. मग म्हणाली, "पन्हं मावेल का यात?"

वाचकहो, चैत्रगौरीचं हळदीकुंकू हा आमच्या गल्लीतला मोठा कार्यक्रम असतो. भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, आंब्याची डाळ आणि कैरीचं पन्हं. पन्नास-साठ बायका येतात. दरवर्षी हिचं पन्हं स्टीलच्या पिंपात असतं, आणि चैत्रातल्या खामगावात ते पहिल्या पंधरा मिनिटांत सरबताचा चहा होतं. चिरंजीवांचा चेहरा असा उजळला, की मला त्याचा दहावीचा निकाल आठवला. टाकीत १९ लिटर मावतं. त्यात गॅस भरला की पन्हं सोड्यासारखं फसफसेल आणि टोपाला लावलेल्या नळातून थंडगार धार येईल. मला आमच्या लहानपणचा गोटी सोडा आठवला. ती गोटीची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं दीडशे वर्षांपूर्वी काढली, आणि यात्रेत ती 'टॉक्' करून फोडणारा माणूस आम्हाला कलेक्टरपेक्षा मोठा वाटायचा.

"फक्त एक आहे," चिरंजीव म्हणाले. "टाकी आधी गार पाहिजे. गॅस गार पाण्यातच नीट विरघळतो. कोमट असेल तर नुसता फेस येईल." आणि आम्ही तिघांनी एकदमच फ्रीजकडे पाहिलं.

मला काळजी वाटली नाही. आमच्या गावाची निम्मी हयात कोंबण्यात गेली आहे. इथल्या कापसासाठी इंग्रजांनी १८७० साली जलंबहून खास रेल्वेचा फाटा टाकला. आमच्या प्रेसिंग कारखान्यांत खोलीभर कापूस दाबून त्याची १७० किलोची गठाण बांधतात. अशा गावच्या माणसाला १६५ लिटरमध्ये १९ लिटर बसवणं काय अवघड? हिशेबानं तर आठ टाक्या बसायला हव्यात.

पण भूमिती आणि संसार हिशेबानं चालत नाहीत. टाकीची उंची २५ इंच, जाडी साडेआठ इंच. जाळ्या आणि भाजीचा ड्रॉवर काढला तर आत उंची भरली साडेसव्वीस इंच. आम्ही बापलेकांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली. मग त्याच्या लक्षात आलं, की टाकीच्या डोक्यावर नळीचे दोन खटके बसतात, त्यांचे तीन इंच धरलेच नव्हते. टाळी परत घेतली. बर्फाच्या कप्प्याखालचा पाणी साचायचा ट्रे काढला, दोन इंच मिळाले. आता उंची बसत होती, पण टाकी आत सरकेना, कारण फ्रीजच्या तळाला मागच्या बाजूनं एक पायरी असते आणि तिच्या आड कॉम्प्रेसर असतो. पायरीपुढं जमीन उरते जेमतेम नऊ इंच. तिथं टाकी उभी राहिली, तर दाराच्या आतला बाटल्यांचा कठडा तिला एक इंचानं अडायचा आणि दार जांभई दिल्यासारखं उघडं राहायचं.

चिरंजीवांनी पुठ्ठ्याची एक नकली टाकी बनवली. खरी वजनदार टाकी पुन्हापुन्हा आतबाहेर करण्यापेक्षा पुठ्ठ्याची बरी, असं तिकडचे जाणकार करतात म्हणे. दोन दिवस आमच्या घरात ती पुठ्ठ्याची टाकी कधी उभी, कधी तिरपी, कधी पायरीवर अशी फ्रीजमध्ये जात-येत होती. तिसऱ्या दिवशी मी फ्रीज दुरुस्तीवाल्याला बोलावलं. म्हटलं, ही पायरी जरा मागं सरकवता येते का पाहा.

त्यानं वाकून पाहिलं, हात लावला आणि उभा राहून म्हणाला, "साहेब, कॉम्प्रेसर म्हणजे घरातले आजोबा असतात. कोपरा धरून बसतात, दिवसभर घरघर करतात, अन् त्याहिले कोणी हलवाचं नाई. बाकीच्याहिनं सरकून घ्याचं असते."

सत्तरीतल्या माणसाला हे असं तोंडावर ऐकावं लागलं. शेवटी त्यानं दारातला खालचा कठडा दोन स्क्रू काढून वेगळा केला, शंभर रुपये घेतले आणि म्हणाला, "आता बसते. पन बाकीचं सामान कुठं ठेवता?"

हा प्रश्न आम्ही कोणी विचारलाच नव्हता.

टाकी आत गेली की फ्रीजमध्ये उरत होते वरचे एक-दोन कोपरे. बाकी सगळ्यांनी घर सोडायचं होतं. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार. ज्या बाईनं माझ्या कलिंगडासाठी भाजीचा ड्रॉवर कधी एक दिवस मोकळा केला नाही, ती सगळा फ्रीज काय रिकामा करणार? पण ही पदर खोचून पुढं आली आणि स्वतःच्या हातानं एकेक भांडं काढायला लागली. डोशाचं पीठ समोरच्या काकूंकडे गेलं. साय आणि विरजण शेजारच्या गुरुजींकडे. मटकी, मिरच्या, खोबरं कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे. माझं इन्सुलिन काकूंकडेच ठेवलं, कारण त्यांच्या यजमानांचंही तिथं असतं. त्यामुळे रोज सकाळी दात घासून मी सुई घेऊन समोरच्या घरी जाऊ लागलो. आम्ही दोघे सख्खे मधुमेही समोरासमोर बसून पोटाला टोचून घ्यायचो आणि मग बिनसाखरेचा चहा प्यायचो. वीस वर्षांत आमचं बोलणं 'काय म्हणता, बरं आहे' याच्या पुढं गेलं नव्हतं. त्या आठवड्यात मला कळलं, की ते तरुणपणी बासरी वाजवायचे.

सगळं निघालं तसा फ्रीजचा तळ १९८७ नंतर पहिल्यांदा दिसला. पांढरा होता. आम्ही त्याला पिवळा समजत होतो. टॉर्चचे सेल मात्र ही परत ठेवत होती. मी म्हणालो, "आता तरी टाक." ही म्हणाली, "कोणाला काही म्हणतात का ते?"

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी पन्हं झालं. गुळाचं की साखरेचं, यावर गल्लीत दोन पक्ष आहेत. म्हणून एका टाकीत गुळाचं आणि दुसऱ्यात साखरेचं असं ठरलं. कैऱ्या उकडून, गर काढून तो मलमलच्या फडक्यातून तीनदा गाळला. रेषा राहिली तर नळी तुंबते, अशी इंजिनिअरसाहेबांची ताकीद होती. वेलदोडा, केशर, मीठ. गॅसचं नळकांडं गावातल्या सोडावॉटरच्या कारखान्यातून आलं. संध्याकाळी सहाला तेवीस किलोची भरलेली गुळाची टाकी आम्ही दोघांनी उचलून फ्रीजमध्ये उभी केली, खटके लावले, आणि दार बंद केलं. 'टक्' असा आवाज झाला. घरात लग्न जमल्यासारखं वाटलं.

आणि दुसरी टाकी? ती कोणत्याच भूमितीनं आत बसत नव्हती. मी म्हणालो, "ती माझ्याकडे दे. फ्रीज नव्हते तेव्हा या गावात लग्नं होत होती."

रात्री लाइन गेली. चैत्रात आमच्याकडे पंखा थांबला की माणसं आपोआप अंगणात येतात. बापलेक पायरीवर बसलो. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, "बाबा, टाक्या कशाला आणल्या विचारत होतात ना. तिकडं पहिले सहा महिने मला कोणीच ओळखत नव्हतं. शनिवार-रविवार खोलीत नुसता बसून असायचो. मग ऑफिसातल्या एकानं हे शिकवलं. टाकी भरली की लोक यायचे. कोण कोण यायचे, गप्पा मारायचे, पुढच्या शनिवारी त्यांच्याकडे बोलवायचे. निघताना सगळं सामान विकलं, ह्याच तेवढ्या विकवेनात. म्हटलं, आता खामगावात तरी मला कोण ओळखतं? शाळेतले सगळे बाहेर गेले. माझ्या खोलीत तर गहू राहतो."

अंधार होता ते बरं झालं. मी म्हणालो, "गहू काय, हलवता येतो." याहून शहाणं काही मला सुचलं नाही. कचेरीत इतकी वर्षं काढली की माणसाला शेरा लिहिता येतो, उत्तर देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी आणली, भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून, सायकलरिक्षातून. कोपऱ्यातलं जुनं पाण्याचं पिंप काढलं, त्यात साखरेची टाकी उभी केली, भोवती बर्फ फोडून टाकला, वर दोन कळशा पाणी आणि मूठभर मीठ. चिरंजीव कागदावर गणित करत होते. १९ लिटर पन्हं, अडतीस अंशांवरून पाचावर आणायचं, तर सरळ हिशेबानं आठ किलो बर्फ पुरेल. मी म्हणालो, "आमच्या वडिलांनी कधी गणित केलं नाही. बर्फ वितळला की अजून टाकायचे."

चारला थर्मामीटर लावला. रात्री दोन आणि सकाळी तीन तास लाइन गेली होती. आमच्या फ्रीजनं सारी शक्ती पणाला लावूनही त्यातली टाकी होती सोळा अंशांवर. पिंपातली तीन. चिरंजीवांनी दोन्ही आकडे पुन्हा तपासले, माझ्याकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "बाबा, गार हवेपेक्षा बर्फाचं पाणी उष्णता फार लवकर ओढतं. हे मला शिकवलं होतं. मी विसरलो."

म्हणजे फ्रीज रिकामा करायची मुळात गरजच नव्हती! पुठ्ठ्याची टाकी, शंभर रुपये, गल्लीभर विखुरलेला संसार, सगळं फुकट. मी विजयी मुद्रेनं हिच्याकडे वळलो. हिनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. "फ्रीजमधलीही त्यातच ठेवा तासभर," ती म्हणाली. "आधीच गार झालीय बरीच, बर्फ कमी लागेल." सोळा अंशांना 'बरीच गार' म्हणणं फक्त आईलाच जमतं.

गॅस लवकर मुरावा म्हणून टाकी हलवावी लागते. चिरंजीव ती टाकी आडवी मांडीवर घेऊन हलवत बसले. काकू हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते हेच. "काय बाप्पा," त्या म्हणाल्या, "लग्नाआधीच पोर खेळवून राहिला!"

आणि मग नळ सुरू झाला. पहिल्या पेल्यात निम्मा फेस. दुसऱ्यात कमी. तिसऱ्यापासून सोनेरी, केशरी, काचेवर दव आणणारी धार. नाकात हलके टोचणारं पन्हं आमच्या गल्लीनं जन्मात प्यायलं नव्हतं. पहिल्यांदा बायका संकोचल्या. मग गुरुजींच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्रींनी पेला रिकामा केला, एक दणदणीत ढेकर दिली आणि जाहीर केलं, "पित्त गेलं माय!" त्यानंतर रांग लागली. गुळाच्या पक्षानं साखरेचं प्यायलं, साखरेच्या पक्षानं गुळाचं. बायकांनी घरून पुरुषांना बोलावलं, पोरांनी पोरांना. सराफ आले, त्यांनी टाकीवर नख वाजवून पाहिलं आणि सुस्कारा टाकून तीन पेले प्यायले. नळावर चिरंजीव उभे होते आणि जो तो त्याला विचारत होता, "कधी आला? किती दिवस आहेस? उद्या जेवायला ये." साडेसातपर्यंत दोन्ही टाक्या कोरड्या झाल्या. मधुमेही म्हणून आम्हा दोघांना फक्त वास मिळाला. पण बासरीवाले म्हणाले, "वासही गार आहे हो."

त्या आठवड्यात गहू हलला. कोठी मागच्या पडवीत गेली, बरण्या माळ्यावर, आणि चिरंजीव त्यांच्या टेबलावर. फ्रीजमधलं सामान घरोघरहून परत आलं. विरजण तेवढं बदललं होतं. गुरुजींकडून आलेलं विरजण आमचं की त्यांचं, यावर अजून एकमत नाही, पण दही पूर्वीपेक्षा चांगलं लागतं.

ज्येष्ठात तो बंगळूरला गेला. टाक्या इथंच ठेवून गेला. म्हणाला, दिवाळीला येईन तेव्हा कोकम करू. ही 'बरं' म्हणाली आणि तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर आत गेली.

फ्रीजच्या दारातला खालचा कठडा आम्ही परत बसवलेला नाही. भाजीचा ड्रॉवरही माळ्यावरच आहे. पायरीपुढची ती नऊ इंच जागा मोकळी असते. आजूबाजूला डब्यांवर डबे चढले आहेत, कोथिंबीर पुन्हा दह्यावर बसली आहे, वरणाचं पातेलं हातात धरून ही रोज रात्री दारासमोर उभी असते, पण तिथं काही ठेवत नाही. परवा मी बाजारातून चांगलं दहा किलोचं कलिंगड आणलं आणि सरळ त्या जागेत सरकवलं. चपखल बसलं. मला वाटलं, हिला आनंद होईल.

"तिथं नको," ही म्हणाली. "ती त्याची जागा आहे."

कलिंगड सध्या समोरच्या काकूंच्या फ्रीजमध्ये आहे. मी रोज सकाळी जाऊन पाहून येतो.